हवा भरायचं मशीन सुरू होईना, तेव्हा

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हे तर गॅरेजवाल्या पोरांचं काम, आम्हाला कशाला सांगता? जरा थांबा. आपल्या गटातून शेळ्यांसाठी, शिलाई मशीनसाठी, पिठाच्या चक्कीसाठी कर्ज उचललं जातं, तसं घरच्या गॅरेजसाठीही उचललं जातं. रस्त्याला लागून घर, पुढे पत्र्याचं शेड, त्यात पंक्चरचं सामान आणि हवा भरायचा कंप्रेसर. कर्ज बाईच्या नावावर, हप्ता बाई भरते, आणि कारभारी सामान आणायला तालुक्याला गेले की शेडमध्ये तीच उभी राहते. नेमकं तेव्हाच कुणीतरी गाडी ढकलत येतं, ती बटण दाबते आणि मशीन काही सुरू होत नाही. ऊसतोडीच्या हंगामात पहाटेपासून बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रस्त्याला असतात. त्या दिवसांत मशीन दोन दिवस बंद पडलं तर गिऱ्हाईक पुढच्या फाट्यावर जातं. एकदा तिकडे वळलेलं गिऱ्हाईक लवकर परत येत नाही, पण हप्त्याची तारीख मात्र ठरल्या दिवशी येते.

मी तुम्हाला आज मशीन खोलायला सांगणार नाही. खोलायचं काम वायरमनचं आणि मेकॅनिकचं. पण मशीन कशामुळे सुरू होत नाही, हे बाहेरून नुसत्या डोळ्यांनी आणि कानांनी बरंचसं कळतं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, मेकॅनिक येईपर्यंत आपल्या हातून मशीनचं आणखी नुकसान होऊ नये, एवढं तर आपल्याला जमलंच पाहिजे.

म्हणून पहिली गोष्ट आधी सांगते. बटण दाबल्यावर मोटर फिरत नाही, नुसतीच घूंऽऽ असा आवाज करते, असं दिसलं तर दोन-तीन सेकंदांत बटण बंद करा. मनात चार आकडे मोजायचीही वाट बघू नका. मोटर फिरत असताना जेवढी वीज घेते, त्याच्या पाच ते सात पट वीज ती अडकून पडलेली असताना ओढते. ती सगळी वीज मोटरच्या आतल्या तांब्याच्या तारांमध्ये उष्णता होऊन बसते. त्या तारांवर वार्निशचा पातळ थर असतो, तो जळाला की मोटर जळाली. एका गावात असंच झालं. कंप्रेसर घूं करत होता, घरातलं पोरगं 'आता होईल, आता होईल' म्हणत बटण चालू-बंद करत राहिलं. दहा मिनिटांनी जळका वास आला. मोटर तालुक्याला नेऊन नवीन वाइंडिंग भरावं लागलं, चार दिवस शेड बंद. मूळ बिघाड काय होता? सुपारीएवढा एक व्हॉल्व्ह अडकला होता. व्हॉल्व्हचा खर्च किरकोळ होता, मोटरचा खर्च मात्र गटाच्या दोन हप्त्यांना भारी पडला.

दुसरी गोष्ट हातांबद्दल. कंप्रेसरवर प्रेशर स्विच नावाचा एक डबा असतो, टाकीच्या घड्याळाशेजारी. तो 'ऑटो'वर असेल तर मशीन आपण होऊन बंद पडतं आणि आपण होऊन सुरूही होतं. टाकीतली हवा थोडी कमी झाली की पट्टा एकदम फिरायला लागतो. लाईट गेली असेल आणि आली, तरी तसंच. त्यामुळे मशीन बंद दिसतंय म्हणून पट्ट्याजवळ हात, पदर, ओढणी, मोकळी वेणी नेऊ नका. आधी स्विच बंद, मग प्लग बाहेर, मगच मशीनजवळ वाकायचं. पट्ट्यावरची जाळी काढून ठेवलेली शेडं मी पुष्कळ बघते. ती जाळी आजच परत बसवून घ्या.

आता मशीनकडे वळू. कंप्रेसर म्हणजे सायकलचा पंपच, फक्त हाताच्या जागी मोटर. मोटर पट्ट्याने वरचं हेड फिरवते, हेडमधला दट्ट्या खालीवर होतो आणि हवा दाबून टाकीत भरतो. काही लहान मशीनना पट्टा नसतो, मोटर थेट हेडला जोडलेली असते, पण काम तेच. सायकलच्या चाकात हवा भरताना शेवटी शेवटी दांडी दाबायला किती जोर लागतो, आठवा. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचं सगळं सोपं आहे.

बटण दाबल्यावर काहीच आवाज येत नसेल, अगदी शांत, तर आधी घड्याळाचा काटा बघा. काटा ७-८ किलोवर असेल तर टाकी भरलेली आहे आणि मशीनला काहीही झालेलं नाही. दाब पुरेसा झाला म्हणून प्रेशर स्विचने मोटर तोडली आहे. बहुतेक लहान मशीन साधारण ८ किलोला बंद होतात आणि ६ किलोच्या आसपास पुन्हा सुरू होतात. प्रत्येक मशीनचे आकडे थोडे वेगळे असतात, म्हणून तुमचं मशीन कितीला बंद होतं आणि कितीला सुरू होतं हे चांगलं चालू असतानाच एकदा बघून भिंतीवर खडूने लिहून ठेवा. घड्याळावर पौंडांचे आकडे असतील तर ८ किलो म्हणजे साधारण ११४ पौंड. थोडी हवा वापरली की मशीन आपोआप धावेल. एवढ्यासाठी मेकॅनिकला फोन करून त्याचा येण्या-जाण्याचा खर्च भरलेल्या बायका मला माहीत आहेत.

काटा खाली आहे आणि तरीही मशीन शांत आहे, तर वीज पोचते का ते बघा. त्याच सॉकेटमध्ये दुसरं काहीतरी लावून बघा, टेबल पंखा चालेल. बोर्डावरचा एमसीबी खाली पडला आहे का? प्लगच्या पिना काळ्या पडल्यात का, सॉकेट वितळल्यासारखं दिसतंय का? कंप्रेसरला मोठं, १६ अँपिअरचं सॉकेट लागतं. मोबाईल चार्जरच्या छोट्या सॉकेटमध्ये जोड-पिन लावून चालवलेला कंप्रेसर आज नाही तर उद्या ते सॉकेट जाळतोच. मोटरवर किंवा प्रेशर स्विचच्या डब्यावर बहुधा एक लहान लाल बटण असतं. मोटर तापली की ते बाहेर येतं आणि वीज तोडते. पंधरा-वीस मिनिटं मोटर थंड होऊ द्या, मग ते एकदा दाबा. पुन्हा बाहेर आलं तर परत दाबू नका. ते बटण मोटरला वाचवतंय, त्याच्याशी भांडायचं नाही.

आणखी एक कारण ऐकून हसाल, पण ते खरं आहे. मुंग्या. प्रेशर स्विचच्या डब्यात मुंग्या शिरतात, संपर्काच्या पट्ट्यांमध्ये चिरडतात आणि वीज पुढे जात नाही. मातीच्या जमिनीवर ठेवलेल्या मशीनला हे हमखास होतं. मशीन विटांच्या ओट्यावर ठेवा. डबा मात्र वायरमननेच उघडायचा, आत थेट वीज असते.

आता घूंऽऽ करणाऱ्या मशीनकडे येऊ. खरी गंमत आणि खरा खर्च इथेच आहे.

घूं आवाज येतो म्हणजे वीज मोटरपर्यंत पोचली आहे, पण मोटरला वजन उचलत नाही. एक तर मोटरची ताकद कमी पडते, नाहीतर तिच्या पुढचं वजन वाढलं आहे. कुठलं ते ओळखायची एक सोपी युक्ती सांगते. स्विच बंद करा, प्लग काढा. टाकीच्या खाली पाणी काढायचा कॉक असतो, तो बाजूला उभं राहून, तोंड वळवून, हळूहळू उघडा आणि टाकी पूर्ण रिकामी करा. काटा शून्यावर आला पाहिजे. कॉक उघडाच ठेवा, प्लग लावा आणि मशीन एकदाच सुरू करून बघा. रिकाम्या टाकीवर मशीन सुरळीत फिरलं, पण टाकीत हवा असताना पुन्हा सुरू होत नाही, तर बहुधा हेडमध्ये हवा अडकून राहते आहे. रिकाम्या टाकीवरही नुसतं घूं, तर व्होल्टेज, वायर किंवा मोटर यांपैकी कुठेतरी दुखणं आहे, किंवा हेड आतून जाम झालं आहे.

हवा अडकते म्हणजे काय? मशीन बंद पडतं तेव्हा तुम्हाला एक आवाज ऐकू येतो, फुस्स. एक-दोन सेकंदांचाच. तो आवाज चांगला आहे! हेडपासून टाकीपर्यंतच्या नळीत अडकलेली हवा बाहेर सोडली जाते, म्हणजे पुढच्या वेळी मोटरला सुरुवात करायला वजन नसतं. टाकीतली हवा मागे येऊ नये म्हणून टाकीच्या तोंडाशी एक झडप असते, मेकॅनिक तिला एनआरव्ही म्हणतात. आता ऐका. बंद होताना फुस्स झालंच नाही, तर हवा सोडणारा छोटा व्हॉल्व्ह अडकला आहे. दट्ट्यावर दाब तसाच राहतो आणि मोटर सुरू होताना भरलेल्या चाकात हवा कोंबायची वेळ तिच्यावर येते. आणि फुस्स थांबतच नाही, मशीन बंद असताना हवा सारखी बारीक येत राहते, काटा हळूहळू खाली येतो, तर टाकीच्या तोंडाची झडप धरत नाही, बहुधा तिच्यात गंज किंवा कचरा बसला आहे. दोन्ही दुरुस्त्या लहान आहेत. म्हणून माझं सांगणं, आजपासून मशीन बंद होताना कान देत जा. कुकरच्या शिट्ट्या आपण दुसऱ्या खोलीतून मोजतो, मग हा आवाज ओळखणं काही अवघड नाही.

व्होल्टेजचं दुखणं आपल्याकडे फारच आहे. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे, टीव्ही, मिक्सर सुरू झाले की घरातला बल्ब पिवळा पडतो. २३० व्होल्टचे १८० झाले तर मोटरची सुरुवातीची ताकद जवळजवळ ४० टक्क्यांनी घटते. म्हणजे सकाळी चालणारं मशीन संध्याकाळी घूं करत असेल तर मशीनला बोल लावू नका. घरच्या फ्रीजला आकडे दाखवणारा स्टॅबिलायझर असेल तर त्याच्यावर येणारं व्होल्टेज वाचा. ग्राहकाच्या मीटरपाशी २३० व्होल्टच्या सहा टक्के वर किंवा खाली, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट मिळावेत असा नियम आहे. रोजच त्याहून कमी येत असेल तर आठवडाभर वेळ आणि आकडा वहीत लिहा, आजूबाजूच्या चार घरांच्या सह्या घ्या आणि वीज कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. १९१२ या नंबरवर फोनने तक्रार नोंदवता येते, तिचा क्रमांक जपून ठेवा. एकटीच्या तोंडी तक्रारीपेक्षा गटाच्या शिक्क्याचा अर्ज जड असतो, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

पण कधी कधी दोष खांबावर नसतो, आपल्याच वायरमध्ये असतो. घरातून शेडपर्यंत ३० मीटर वायर ओढलेली असते, तीही दिव्याच्या जाडीची, १ चौरस मिलिमीटरची. २ हॉर्सपॉवरची मोटर चालताना साधारण १० अँपिअर घेते, पण सुरू होण्याच्या क्षणी ४०-५० अँपिअर मागते. त्या क्षणी एवढ्या बारीक आणि लांब वायरमध्येच ४० व्होल्ट खर्ची पडतात. मीटरपाशी २३० आणि मोटरपाशी १९०. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली तर हेच नुकसान १५ ते २० व्होल्टवर येतं. जुन्या वायरच्या गुंडाळ्या, मध्ये दोन-तीन ठिकाणी पिळून चिकटपट्टी लावलेले जोड, यांनी आणखी भर पडते. वायर लांबवण्यापेक्षा हवेचा पाईप लांबवा. कंप्रेसर बोर्डाजवळ ठेवायचा आणि हवेची नळी रस्त्यापर्यंत न्यायची. नळी लांब झाल्याने मोटर जळत नाही.

व्होल्टेज बरोबर, वायर जाड, टाकी रिकामी, तरी घूं. मग प्लग काढून पट्ट्याचं चाक हाताने फिरवून बघा. थोडा जोर लागेल, पण फिरलं पाहिजे. दगडासारखं घट्ट असेल तर हेड जाम आहे, बहुतेक वेळा तेल संपल्यामुळे. हेडच्या खाली तेल बघायची काचेची गोल खिडकी असते, तेल तिच्या मधोमध दिसायला हवं. चाक हलकं फिरतंय आणि मोटर मात्र उठत नाही, तर संशय कपॅसिटरवर, ज्याला आपल्याकडे कंडेन्सर म्हणतात. मोटरच्या पाठीवर कुबडासारखा डबा दिसतो, त्यात तो असतो. फुगला, तेल गळालं, की मोटरला सुरुवातीचा धक्का मिळत नाही. तो बदलणं स्वस्त आहे, पण प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते आणि जोराचा झटका बसतो. त्याला आपण हात लावायचा नाही. आणि पट्टा हाताने ओढून मोटरला 'धक्का' द्यायची काही मेकॅनिकांची सवय आहे, ती बघून शिकू नका. त्यात बोटं जातात.

तीन फेजवर चालणारं मोठं मशीन असेल तर घूं आवाजाचा पहिला अर्थ एक फेज गेली असा घ्या आणि लगेच बंद करा. खांबावर काम झाल्यावर ते उलटंही फिरू शकतं, चाकावरचा बाण बघत जा.

बटण दाबताच एमसीबी पडत असेल किंवा फ्यूज उडत असेल, तर एकदाच परत लावून बघा. पुन्हा पडला तर थांबा. जाडी तार बांधून फ्यूज 'पक्का' करणं म्हणजे मोटरऐवजी घराला आग लावायची सोय करणं. मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर तेवढ्यावर थांबून अर्थिंग तपासून घ्या. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून हे मशीन कुणी चालवू नये.

टाकीबद्दल थोडं. ८ किलो दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर ८ किलो. तळहाताएवढ्या, १०० चौरस सेंटिमीटर जागेवर ८०० किलोचा, म्हणजे आठ क्विंटलचा रेटा. म्हणून टाकीत हवा असताना एकही नट ढिला करायचा नाही. टाकीवर कडी असलेला पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. तो गळतो म्हणून खिळा ठोकून किंवा एम-सील लावून बंद केलेला दिसला तर मशीन त्याच क्षणी बंद करा, नवीन व्हॉल्व्ह बसेपर्यंत चालवू नका. हवेतला ओलावा टाकीत पाणी होऊन साचतो आणि ती आतून गंजते, बाहेरून रंग छान दिसत राहतो. रोज संध्याकाळी काम संपल्यावर खालचा कॉक उघडून पाणी काढा. आषाढ-श्रावणात पेलाभर पाणी निघालं तरी नवल वाटायला नको. गंजाचा तोच कचरा मघाच्या झडपेत जाऊन बसतो आणि मोटर घूं करते. टाकीला भोक पडलं, वेल्डिंग करून देतो, असं कुणी म्हणालं तर नको म्हणा, टाकी बदला.

शेवटी मेकॅनिकला फोन करताना काय सांगायचं, ते लिहून घ्या. 'मशीन बंद पडलंय, या' एवढंच सांगितलं तर तो एकदा बघायला येतो आणि सामान आणायला परत जातो, दोन फेऱ्यांचे पैसे आपले. त्याऐवजी असं सांगा: मोटर किती हॉर्सपॉवरची, एक फेज की तीन फेज, आवाज काहीच नाही, की घूं, की एमसीबी पडतो, काटा कितीवर होता, रिकाम्या टाकीवर सुरू झालं की नाही, बंद होताना फुस्स होत होतं की नाही, त्या वेळी व्होल्टेज किती होतं. मोटरवर आणि टाकीवर पत्र्याच्या पाट्या असतात, त्यांचा मोबाईलवर फोटो काढून आजच त्याला पाठवून ठेवा. आणि तो आला की बाजूला चहा करायला जाऊ नका, चहा पोरांना करू द्या. कुठला भाग बदलला ते विचारा, जुना भाग मागून घ्या आणि तारीख, भाग आणि पैसे गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहा.